सड्याखालचा झरा वाडीला आणायचा आहे – पाणी 'मिनरल' धरायचं का, आणि झऱ्याचं तोंड कसं बांधायचं?

वाडीकर_जावळी

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

जावळी तालुक्यातली डोंगरावरची वाडी. 38 घरं, माणसं 190, गुरं 50. वाडीच्या वर जांभ्याचा सडा (सपाट कातळमाथा), आणि सड्याची कड संपते तिथे जांभ्याच्या बुडातून झरा निघतो. बारमाही आहे. आज दगडांनी आडवलेल्या खळग्यातून लोक तांब्याने भरतात, खालच्या अंगाला गुरं पितात. टाकी बसवायची जागा झऱ्यापेक्षा 35 मीटर खाली (लेव्हलच्या नळीने मोजलंय). पाइप ज्या वाटेने न्यायचा ती 900 मीटर.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर 46 दाखवतो. पाणी गार आणि चवीला गोड. मात्र वाहून जातं तिथे दगडांवर तांबूस, बुळबुळीत थर बसतो आणि साचलेल्या भागावर रॉकेल सांडल्यासारखा तवंग येतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दोन-तीन दिवस गढूळ होतं.

वाडीत म्हणणं असं की हे नैसर्गिक मिनरल वॉटर आहे, यात काही टाकायची गरज नाही. बांधण्याबद्दल दोन सूचना आल्यात. एक, जेसीबी लावून तोंडाशी दोन मीटर खोल खड्डा घ्यायचा. दुसरी, पुढे दीड मीटरची भिंत घालून पाणी तुंबवायचं आणि मग पाइप काढायचा. यातलं काय करावं? पाइप 25 मिमी पुरेल का? झऱ्याच्या वरच्या उतारावर समतल चर मारले तर पाणी वाढेल का?

कातळखूण

दोन्ही सूचना कृपा करून थांबवा. दोन्हींमुळे झरा जाऊ शकतो, आणि गेलेला झरा परत आणता येत नाही.

आधी पाणी तिथेच का निघतं ते बघा. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी त्यातून झपाट्याने खाली जातं. त्याच्या बुडाशी पांढरट-पिवळ्या चिकणमातीचा थर असतो, त्याखाली बेसाल्ट. ती माती पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं सरकत कडेला बाहेर येतं. जेसीबीने ती माती फोडली की पाण्याला खाली जायची वाट मिळाली. पहिल्या वर्षी खड्डा भरलेला दिसेल, पुढच्या उन्हाळ्यात तोंड कोरडं आणि शंभर मीटर खाली कुठेतरी नुसती ओल.

भिंतीचंही तेच. अशा झऱ्यामागे दाब फार थोडा असतो. तोंडापुढे दीड मीटर पाणी उभं केलं की तेवढा दाब उलटा पडतो आणि पाणी बाजूच्या दुसऱ्या फटीतून निघून जातं. चेंबरातल्या पाण्याची पातळी झऱ्याच्या मूळ तोंडाच्या वर कधीही जाता कामा नये. बाकी मापं थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतील.

आता काम. खालून सुरू करा आणि वाहत्या पाण्याचा माग काढत हाताने, खोरं-टिकावाने डोंगराकडे सरका. वरची सैल माती, मुळं, पाचोळा काढत जा. पाणी जांभा आणि माती यांच्या सांध्यातून स्वच्छ येताना दिसलं की थांबायचं. पहार सांध्यात घालायची नाही, सुरुंग तर नाहीच. पुष्कळदा वरून एक वाटणारा झरा आत गेल्यावर तीन-चार ठिकाणांहून येतो. ते सगळे एका आडव्या दगडी चरात एकत्र घ्या.

तोंडाशी आधी हाताएवढे धुतलेले दगड कोरडे रचा, त्यापुढे 20 ते 40 मिमी खडी. त्यापुढे चेंबर, आतून 1 मीटर × 1 मीटर, उंची 1 मीटर. डोंगराकडची बाजू भिंतीने बंद करायची नाही. पाणी खडीतून सरळ आत आलं पाहिजे. उरलेल्या तीन भिंती 1:2:4 (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटच्या, 10 सेंटीमीटर जाड. पुढच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी पंख काढून ते त्या चिकणमातीत 15-20 सेंटीमीटर रुतवा, नाहीतर अर्धं पाणी भिंतीखालून निसटेल. माती फोडायची नाही, फक्त पंखापुरती खाच घ्यायची.

चेंबरला तीन पाइप. तळाशी धुवायचा, 63 मिमी, टोकाला झाकण. तळापासून 15 सेंटीमीटरवर वाडीकडे जाणारा, त्याच्या तोंडावर जाळीची गाळणी. आणि ओव्हरफ्लो 75 मिमी, तोंडाच्या पातळीपेक्षा निदान 5 सेंटीमीटर खाली. ओव्हरफ्लोला चावी बसवायची नाही. कोणीतरी 'पाणी वाया जातंय' म्हणून ती बंद करतोच, आणि मग भिंत घातल्यासारखंच होतं. टोकाला स्टीलची बारीक जाळी लावा, नाहीतर बेडूक आणि खेकडे आत.

दगड-खडीवर जाड प्लास्टिक, त्यावर मळलेली चिकणमाती 15 सेंटीमीटर ठोकून, वर माती आणि गवत. तुमचं पहिल्या पावसातलं गढूळ पाणी इथूनच येत असणार, म्हणजे तोंडावरच्या उघड्या मातीतून. त्याच कारणाने चेंबरच्या वर 8-10 मीटरवर अर्धवर्तुळाकार चर काढून उतारावरचं पाणी बाजूच्या ओढ्याला लावा. एवढं करूनही जूनमध्ये पाऊस पडल्यापासून काही तासांत पाणी गढूळ झालं, तर पाणी सड्यावरच्या एखाद्या मोठ्या भेगेतून थेट येतंय. मग वाळूच्या गाळणीशिवाय ते पिऊ नये.

पाणीपारख

'मिनरल' या शब्दाबद्दल.

46 टीडीएस म्हणजे खनिजं जवळजवळ नाहीतच. जांभ्यातून विरघळण्यासारखं बरंचसं हजारो वर्षांच्या पावसाने आधीच धुऊन नेलंय. उरलंय लोह आणि ॲल्युमिनियम, ते सहज विरघळत नाही. म्हणून हे पाणी इतकं हलकं लागतं, साबणाला भरपूर फेस येतो आणि डाळ लवकर शिजते. बाटलीबंद 'नैसर्गिक मिनरल वॉटर'च्या भारतीय मानकात, आयएस 13428 मध्ये, टीडीएस 150 ते 700 लागतो. तुमचं पाणी त्यात बसत नाही, आणि ते बसावं असंही काही नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकाला, आयएस 10500 ला, कमीत कमी टीडीएसची अटच नाही.

खरं खनिजयुक्त पाणी बघायचं तर घाट उतरून कोकणात जावं लागेल: राजापूरजवळचं उन्हाळे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वरकडचं तुरळ, ठाणे जिल्ह्यातलं अकलोली-वज्रेश्वरी. ते पाणी भेगांतून खोल जाऊन, तापून, सोडियम-कॅल्शियमचे क्लोराइड घेऊन वर येतं. अंघोळीला ठीक, रोजच्या पिण्याला नाही.

महत्त्वाचं हे की टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. गुरं पितात त्याच्या वरच्या हाताला लोक भरतात, चेंबर नाही, कुंपण नाही. अशा ठिकाणी आज तरी पाणी सुरक्षित मानू नका.

तपासणी अशी करा. ग्रामपंचायतीच्या फील्ड टेस्ट किटमध्ये जिवाणूंची एच-टू-एसची कुपी असते. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवा. 24 ते 48 तासांत काळी पडली तर दूषित. नंतर जलसुरक्षकामार्फत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दोन नमुने द्या. जिवाणूंची बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्या, ती झऱ्यावर विसळू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. रासायनिक नमुन्याचा कॅन मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा.

लोहाचा नमुना वेगळा मागून घ्या, आम्ल घातलेल्या बाटलीत. साध्या कॅनमध्ये लोह वाटेतच गंज होऊन तळाला बसतं आणि अहवालात कमी दिसतं. पीएच तर झऱ्यावरच, पाणी निघतं तिथेच बघा. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच वर चढतो आणि प्रयोगशाळेत आम्लपणा लपतो. जांभ्याचं पाणी बहुधा 7 च्या खाली असतं.

तवंगाची परीक्षा आत्ताच होईल. काडीने तो फोडा. काचेसारखे कोनेदार तुकडे होऊन वेगळे राहिले तर लोह-जिवाणू. फाटून पुन्हा जुळला तर तेल.

वाडीकर_जावळी

दोघांचेही आभार. काडीने फोडला, तुकडे तुकडे होऊन तसेच तरंगत राहिले. बोटांवर घेतला तर पापुद्र्यासारखा, तेलकटपणा नाही. पीएच पट्टीवर 6 आला. तांबडेपणा तोंडाशी अजिबात नाही, चार-पाच पावलं खाली सुरू होतो.

10 लिटरची बादली एप्रिलअखेर 75 सेकंदांत भरली, तीन वेळा मोजून सरासरी. ऑगस्टमध्ये 12 सेकंदांत भरते.

पाणीपारख

म्हणजे लोह-जिवाणू. हे आजार करणारे नाहीत. तोंडाशी तांबडं नाही कारण आतल्या पाण्यात प्राणवायू नसतो, लोह विरघळलेलं असतं. चार पावलं हवा लागली की गंज होऊन बसतं. पण हेच पाणी झाकलेल्या चेंबरातून पाइपात गेलं तर तो बुळबुळीत थर पाइपात आणि टाकीत बसेल. त्यामुळे लोहाचा अहवाल आल्याशिवाय पाइप विकत घेऊ नका.

1 मि.ग्रॅ. प्रति लिटरच्या वर असेल तर टाकीच्या आधी पायऱ्या करा: चार-पाच, प्रत्येकी 25-30 सेंटीमीटर उंच, पाणी पातळ पसरून पडेल अशा. मग अर्धा मीटर जाड वाळूचा थर. पीएच 6 ला गंज होण्याची क्रिया फार हळू चालते, म्हणून पायऱ्यांवर चुनखडीचे तुकडे पसरा. ते झिजतात, दर पावसाळ्यानंतर भर घालावी लागते. त्याने पाण्यात थोडं कॅल्शियमही येईल. वाळूचा वरचा 2-3 सेंटीमीटर थर तांबडा होऊन पाणी तुंबलं की तेवढाच खरवडून धुवायचा.

या पीएचला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वापरू नका, आतून गंजतो. मग झरा स्वच्छ आणि नळाला तांबडं, आणि दोष झऱ्याला लागतो.

टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकीत रोज घालावीच लागेल, 1000 लिटरला 5 ग्रॅम. तुमच्या वापराला दिवसाला साधारण 50 ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवून 20 मिनिटं निवळू द्या, वरची निवळीच टाकीत ओता. तळाचा चुना ओतला तर नळाच्या चाव्या अडकतात. अर्ध्या तासाने शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात उरलेल्या क्लोरीनची रंगावरून तपासणी). फिकट पिवळा रंग, 0.2 मि.ग्रॅ., पुरे. लोह आधी काढलं नाही तर तेच क्लोरीन खाऊन टाकतं आणि ओटी काही केल्या पिवळी होत नाही. टीसीएलचं पोतं उघडं राहिलं की महिन्याभरात उतरतं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

उतारावरचा_नळ

आकडे मांडतो.

75 सेकंदांत 10 लिटर म्हणजे मिनिटाला 8 लिटर, दिवसाला 11,520. 190 माणसांना दरडोई 55 लिटर धरले तर 10,450. 50 गुरांना 40 प्रमाणे 2,000. बेरीज 12,450. म्हणजे एप्रिल-मेमध्ये सुमारे 900 लिटर कमी पडतात. त्या दोन महिन्यांत माणशी 45 धरा: 8,550 आणि 2,000, एकूण 10,550. उरलेले हजारभर लिटर ओढ्याला सोडा, रानातली जनावरं त्यावर असतात. हे गावसभेत आधीच ठरलेलं बरं, मेमध्ये भांडून ठरत नाही.

टाकी 10,000 लिटर. रात्री 9 ते पहाटे 5 या आठ तासांत 3,840 लिटर जमतात आणि सकाळच्या दोन तासांत वाडी दिवसाच्या निम्मं पाणी ओढते. 5,000 ची टाकी जेमतेम पुरेल, पण ती धुवायला काढली की वाडी कोरडी. शक्य असेल तर 5,000 च्या दोन घ्या.

पाइप: 25 मिमी एचडीपीईतून (काळा प्लास्टिकचा पाइप) मिनिटाला 15 लिटर न्यायला 900 मीटरमध्ये घर्षणात सुमारे 36 मीटर उंची खर्च होते. तुमच्याकडे आहेत 35, आणि त्यातल्याही दोनेक पायऱ्या आणि वाळू खाणार. 32 मिमीत तोच प्रवाह 9-10 मीटरमध्ये जातो. 32 घ्या, 6 किलो दाबाचा. टाकीचा बॉल व्हॉल्व्ह बंद झाला की खालच्या टोकाला साडेतीन किलोचा दाब राहतो. 4 किलोचा पाइप चालेलसं वाटतं, पण सांध्यांना तो झेपत नाही. 100 मीटरच्या नऊ गुंडाळ्या, आठ सांधे, जमल्यास तापवून जोडलेले.

इथे हमखास एक चूक होते. 32 मिमी पूर्ण उघडा सोडला तर तो मिनिटाला 30 लिटर ओढू शकतो, झरा देतो 8. चेंबर रिकामं होतं, पाइपात हवा शिरते, मग पाणी धापा टाकत येतं किंवा मधल्या चढावर अडकतं. लोक वरची चावी आवळतात, त्याने पाइप आणखी रिकामा होतो. चावी खालच्या टोकाला, टाकीपाशी आवळायची, चेंबरच्या ओव्हरफ्लोमधून बारीक धार चालू राहील इतकी. मग पाइप वरपासून खालपर्यंत भरलेला राहतो.

जिथे पाइप उतरून पुन्हा चढतो त्या चढाच्या माथ्यावर टी लावून 15 मिमीची हवा काढायची चावी, आणि खोलगट जागी गाळ सोडायची चावी. पाण्याचा वेग कमी राहणार, त्यामुळे गाळ बसणारच. महिन्यातून एकदा पाच मिनिटं उघडा. पाइप 60 सेंटीमीटर खोल पुरा. उघडा पाइप वणव्यात वितळतो आणि साळिंदर कुरतडतं. कातळ असेल तिथे वरून दगड-माती रचून झाका.

सड्यावरचा

चरांबद्दल, कारण हा प्रश्न जिवाशी निगडित आहे.

झऱ्याच्या लगेच वरच्या तीव्र उतारावर समतल चर मारू नका. एक तर त्याने झरा वाढणार नाही: तुमचं पाणी उतारावर मुरत नाही, सड्यावर मुरतं. दुसरं, चिकणमातीवर बसलेल्या सैल मातीत आणखी पाणी भरणं म्हणजे तो उतार घसरायला मदत करणं. माळीण 30 जुलै 2014 ला आणि तळिये 22 जुलै 2021 ला गाडलं गेलं, दोन्ही ठिकाणी मुसळधार पावसात. तुमची वाडी उताराखालीच आहे.

काम करायचं ते वर, सपाट सड्यावर: वाहून जाणारं पाणी थांबेल असे उथळ दगडी बांध, कडेच्या झाडीला संरक्षण, गवत जाळण्यावर बंदी. जांभ्याचा चिरा काढायची खाण किंवा बोअर सड्यावर येऊ देऊ नका. बोअर ती चिकणमाती भेदून गेली की झऱ्याचं पाणी बोअरच्या भोकातून खालच्या खडकात उतरतं. शौचालय आणि गोठा झऱ्याच्या वरच्या अंगाला नकोच. 30 मीटर अंतर पुरे असं म्हणतात, ते मातीत. जांभ्याच्या भेगांतून घाण त्याहून कितीतरी लांब जाते.

पावसाळ्यात झऱ्यावर लक्ष ठेवा. एरवी स्वच्छ असणारं पाणी अचानक मातकट होऊन तसंच राहिलं, झऱ्याने जागा बदलली, उतारावर नवे पाझर फुटले, चांगला पाऊस चालू असताना झरा एकाएकी बंद पडला, किंवा वर जमिनीला भेग दिसली, तर पाण्याचा विचार सोडून त्याच तासाला माणसं हलवा. चेंबर बांधल्यावर हे दिसत नाही, म्हणून ओव्हरफ्लोचं तोंड वाटेवरून दिसेल असं काढा.

वाडीकर_जावळी

जेसीबी रद्द करायला सांगितलंय. शेवटचे दोन प्रश्न. झऱ्याची जागा वनखात्याच्या हद्दीत येते, परवानगी कशी? आणि गुरांचं पाणी कुठे ठेवावं, वाडीत की वर?

कातळखूण

वनहक्क कायदा 2006, कलम 3(2). पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाइपलाइन त्यात येतात. जागा एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर ग्रामसभेच्या शिफारशीने प्रस्ताव वनविभागाकडे जातो. ठरावात चेंबर, चर, कुंपण आणि पाइपची पूर्ण 900 मीटर वाट लिहा. पाइपचा उल्लेख राहिला तर सगळं पुन्हा फिरतं.

गुरांसाठी वरच, पण झऱ्यापासून खाली. जुनी गोमुखाची पद्धत आठवा: पहिल्या कुंडातलं प्यायला, त्यातून ओसंडलेलं दुसऱ्यात धुण्याला, त्यातलं तिसऱ्यात गुरांना. तसाच ओव्हरफ्लो बंद पाइपाने 20 मीटर खाली नेऊन दगडी हौदात सोडा. हौदाभोवती दगड बसवा, नाहीतर खुरांनी चिखल होऊन गुरं पुन्हा वर चढतात. चेंबरभोवती 15 मीटर करवंदी-निवडुंगाचं कुंपण. वड-पिंपळासारखं मोठ्या मुळांचं झाड चेंबरजवळ लावू नका, मुळं खडीत शिरतात.

बांधकाम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करा. पाणी सर्वांत कमी असतं तेव्हाच खरं तोंड कळतं. दिवाळीत बांधलं तर पावसाळी पाझरालाच तोंड समजून बसाल. काम चालू असताना पाणी तात्पुरत्या पाइपाने बाजूला काढून द्या आणि काँक्रीटला निदान 10 दिवस ओलं ठेवा. टाकी आणि पाइप वापरात आणण्याआधी 5,000 लिटरला 750 ग्रॅम टीसीएलच्या निवळीचं पाणी 12 तास भरून ठेवा, मग ते माळावर सोडा. ओढ्यात सोडलंत तर मासे-बेडूक मरतील.